मसाईच्या पठारावर पिछाडीला कोण होतं?

आधी एक सांगून टाकते. या सदरातले लोकांचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचते, आणि खरं सांगू का, वाचून हसते. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या मागं पैंजण वाजतात, कुणाची गाडी नेमकी पिंपळाखालीच बंद पडते... आमचं कोल्हापुरात मिरची कांडपाचं दुकान आहे. दारात कुणी लिंबू-मिरची उतरून टाकली तर आमचे हे लांबून वळसा घालतात. मी मात्र आधी मिरची बघते. चांगली लालभडक असली तर टाकून द्यायला जिवावर येतं माझ्या! सांगायचा मुद्दा, असल्या गोष्टींचं भय मला नव्हतं आणि विश्वास तर त्याहून नव्हता.

माझ्या अनुभवात कुणी मेलेलं नाही. रात्र नाही, अमावस्या नाही. सकाळचे साडेदहा-अकरा वाजले होते आणि आम्ही चौदा बायका रेनकोट घालून डोंगरावरून चाललो होतो. तरीसुद्धा गेलं वर्षभर मी यावर विचार करतेय आणि मला काही सुचत नाही. शिवाय यात माझी जी लाज आहे तीही लिहावी लागणार. ती गाळली तर गोष्टच राहत नाही.

आमचा ग्रुप रंकाळ्यावर रोज सकाळी चालतो. तो सुरू केला फरिदानं. फरिदा मुलींच्या शाळेत पी.टी.ची टीचर होती, आता रिटायर झाली. तिचं घर आमच्या दुकानाच्या पाठीमागं. बावीस वर्षांची ओळख आमची. धाकट्याच्या वेळी माझं बाळंतपण अडलं तेव्हा रिक्षात माझं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि तिचे मिस्टर गेले तेव्हा चाळीस दिवस तिच्या घरचा दोन वेळचा चहा माझ्याकडनं जात होता. मला बहीण नाही. मैत्रिणी म्हणाल तर दुकानात येणाऱ्या शंभर बायका, पण मैत्रीण म्हणाल तर एकच.

दरवर्षी गौरी-गणपती झाले की आमचा ग्रुप पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेनं निघतो. अख्खी वाट दोन दिवसांची आहे. आम्हाला घरची धुणी-भांडी सोडून दोन दिवस कोण देतंय? म्हणून आम्ही पहिला टप्पा करतो. पन्हाळ्यावरनं उतरायचं, मसाईचं पठार चढायचं, पठार संपलं की खाली कुंभारवाडी, पुढं खोतवाडी. तिथं टेंपो थांबलेला असतो.

आमची पद्धत ठरलेली. सगळ्यात पुढं शिट्टी घेऊन फरिदा आणि सगळ्यात मागं मी. मागच्या माणसाला आम्ही पिछाडी म्हणतो. पिछाडीच्या मागं कुणी राहायचं नाही हा नियम. बायकांना आडोशाला जावं लागतं, तर जिला जायचंय तिनं मला सांगून जायचं, आणि ती परत येईपर्यंत मी जागची हलायची नाही. थांब्याथांब्यावर फरिदा शाळेतल्यासारखी हजेरी घेते. ती नाव पुकारते आणि जी ती ओरडते, "आलो!"

हो, आलो. आम्ही कोल्हापूरच्या बायका मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच बोलतो. लिहिताना मी पुस्तकातलं लिहिते, पण तोंडात तेच. पुण्याच्या पाव्हण्यांना याचं फार हसू येतं.

वैशालीलाही आलं होतं.

वैशाली पुण्याची. नवऱ्याची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी इकडं आली, आमच्याहून वीस वर्षांनी लहान. घरात बसून कॉम्प्युटरवर काम करते. नाजूक, चष्मेवाली, बोलणं साजूक तुपातलं. पहिल्या दिवशी रंकाळ्यावर भेटली आणि हजेरीला "आले!" म्हणाली तेव्हा सगळ्या वळून बघायला लागल्या. सगळ्यांना ती आवडली. मला नाही आवडली. का, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी काही दूधखुळी नाही.

बावीस वर्षं मी फरिदाला फरिदा म्हणतेय. ही आली आणि दोन महिन्यांत "फरूताई"! आणि फरिदा, जिनं शाळेत भल्याभल्या मुलींना उन्हात उभं केलं, ती या फरूताईवर लाजून हसायची. मग हिनं तिच्या फोनवर पावलं मोजायचं काहीतरी घालून दिलं. झालं. चालताना दोघींची डोकी त्या फोनात. पूर्वी मी एका बाजूला आणि फरिदा एका बाजूला अशी आमची जोडी चालायची, आता त्या दोघी पुढं आणि मी त्यांच्या पाठी बघत मागं. एकदा फरिदाच्या घरी गेले तर ही तिच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी! मी बावीस वर्षांत तिच्या ओट्याला टेकले नव्हते असं नाही, पण त्या दिवशी मी दारातूनच "नंतर येतो" म्हणून परत फिरले. रात्रभर कूस बदलत होते. नवऱ्यानं दुसरी बाई आणली असती तरी इतकं लागलं नसतं असं मनात आलं, आणि माझी मलाच लाज वाटली. पण कमी झालं नाही हो ते.

तर गेल्या वर्षीची गोष्ट.

पन्हाळ्यावर सकाळी सातला जमलो. फरिदानं काय करावं? आपल्या गळ्यातली शिट्टी काढली आणि वैशालीच्या गळ्यात घातली. म्हणाली, "मसाईपतोर पुढं तू ऱ्हा गं. मी तुझ्यासंगं हाय."

ग्रुप सुरू झाल्यापासून नऊ वर्षांत ती शिट्टी तिनं मला कधी हातात धरायला दिली नव्हती. मी मागितली नव्हती हेही खरं.

मसाईच्या देवळाजवळ नाश्त्याला थांबलो. दरवर्षी फरिदा माझ्यासाठी गूळ घालून केलेल्या रव्याच्या वड्या आणते आणि माझ्या भाकरी-ठेच्याबरोबर आम्ही दोघी एका डब्यात खातो. यंदा डबा उघडला आणि पहिली वडी गेली वैशालीच्या हातात. "खा गं, कशी वाळकी झालियास बघ." मग माझ्याकडं डबा सरकवला. मी म्हटलं, "नको, पोट भरलंय."

"हां? तुझं?" फरिदा म्हणाली. "विजे, तब्येत बरी हाय न्हवं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. वडी खाल्ली नाही.

देवळापासून निघताना वैशालीनं शिट्टी फरिदाला परत दिली आणि ती मागं मागं रेंगाळायला लागली. फोटो काढायचे होते तिला. पठारावर तेव्हा सोनकी आणि तेरडा असा फुललेला असतो की पाय कुठं ठेवावा कळत नाही. पण त्या दिवशी फुलं दिसायला धुक्यानं जागा तर ठेवायला पाहिजे ना! निघाल्यावर दहा मिनिटांत असं दाट धुकं उतरलं की पुढची बाई तेवढी दिसे, तिच्या पुढची नाही. ज्यांनी मसाईचं पठार बघितलंय त्यांना ठाऊक आहे... मैलोन्‌मैल सपाट कातळ, कुठं झाड नाही की खूण नाही, आणि कडेला गेलं की पठार एकदम संपतं. खाली सरळ कडा. धुक्यात तो दोन हातांवर आला तरी कळत नाही. म्हणून तर पिछाडी लागते.

माझ्या पुढं आक्काताई होती. आमच्यात सगळ्यात वयस्कर, अडुसष्टची. गुडघे गेलेत पण तोंड शाबूत. चिखलाला, धुक्याला, सरकारला आणि मला आळीपाळीनं शिव्या देत ती चालली होती. तेवढ्यात वैशाली माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी जरा... आलेच हं मी." आणि डावीकडं करवंदीच्या जाळीमागं गेली.

मी थांबले. नियमाप्रमाणे.

तेवढ्यात पुढून शिट्टी झाली. धुकं वाढलं म्हणून फरिदानं रांग थांबवून हजेरी घ्यायला सुरुवात केली होती. एकेक नाव आणि एकेक "आलो!" धुक्यातून ऐकू येत होतं. आक्काताई ओरडली. मी ओरडले. मग...

"वैशाली?"

शांत.

"वैशालीss? विजे, वैशाली कुठाय?"

आणि मी म्हटलं, "आले म्हणाली की!"

बघा. शब्दाला शब्द खरं होतं. ती मला आले म्हणूनच गेली होती. आपण जाताना येतेच म्हणतो, हाक मारली की आले म्हणतो, आणि पोचलो तरी आले म्हणतो. त्यातलं कुठलं आले, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. फरिदाला वाटलं, वैशालीनं हजेरी दिली, आवाज पोचला नाही. तिनं काय समजावं हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तसं बोलले.

"बरं, चला!" शिट्टी झाली. रांग हलली. आणि मीसुद्धा हलले.

मला तिला मारायचं नव्हतं हो. देवाशप्पथ. माझ्या मनात एवढंच की राहू दे दहा मिनिटं एकटी. येईल रडत-धावत, सगळ्या बघतील, फरिदाला कळेल की ही फोटो काढायच्या कामाची, डोंगराच्या नाही. रांगेला उशीर केला म्हणून फरिदा तिला शाळेतल्यासारखी एकदा झापेल. तेवढं बघायचं होतं मला.

दहा पावलं गेले. मागं वळून बघितलं तर जाळी दिसेना. वीस पावलं गेले. आता हाक येईल म्हणून कान देऊन होते, पण हाक आली नाही. मी हळू आवाजात "वैशाली" म्हटलं, म्हणजे इतक्या हळू की आक्काताईलाही जाऊ नये. मग वाटलं, आपण परत जावं. पण परत गेलं तर पुढच्यांना सांगावं लागणार. सांगितलं तर फरिदा विचारणार, तू तर आली म्हटलीस? तेवढ्यात आक्काताईचा पाय सटकला. तिनं माझं मनगट जे पकडलं ते सोडेचना, मीही तिचं घट्ट धरलं. "विजे, मला सोडून कुठं गेलीस तर खाली जाऊन तुझ्या नवऱ्याला सांगीन." असं करत करत पाऊण तास गेला. दर मिनिटाला सांगणं आदल्या मिनिटापेक्षा अवघड होत होतं.  एकदा वाटलं मागून कुणी किंचाळलं, पण ती टिटवी होती. मी तेव्हा मसाईला नवस बोलले. मी! म्हटलं आई, तिला सुखरूप आण, फरिदा तिचीच राहिली तरी चालेल. आणि लगेच मनात आलं, चालेल का खरंच? तिथंसुद्धा माझा जीव अडला. इतकी वाईट अवस्था होती माझी.

उतार संपला, धुकं वर राहिलं आणि कुंभारवाडीची कौलं दिसली. फरिदा पहिल्या घरापाशी थांबून हजेरी घ्यायला लागली.  ठरवलं, आता वैशालीचं नाव आलं की सगळं सांगायचं. जे व्हायचं ते होऊ दे.

"वैशाली?"

मी तोंड उघडलं, आणि समोरच्या घराच्या सोप्यातून आवाज आला, "आलोss!"

आलो! पुण्याच्या आवाजात.

वैशाली सोप्यात बसून बशीतून चहा पीत होती. चष्मा पुसलेला, अंगावर घरातल्या बाईची शाल. आम्हाला बघून उठली, बायकांमधून वाट काढत थेट माझ्याकडं आली आणि गळ्यातच पडली. "विजयाताई, चहा टाकून कुठं गेलात तुम्ही? किती वेळ वाट बघतेय!"

 सगळ्या आमच्याभोवती गोळा झाल्या. वैशालीनं सांगायला सुरुवात केली. ती जाळीमागून आली तेव्हा धुक्यानं चष्मा पांढरा झाला होता. तिनं मला हाक मारली, कुणी बोललं नाही. अंदाजानं चालायला लागली आणि उलट्या दिशेला गेली. मग मागून आवाज आला, "थांब! हाय तिथंच थांब. पाय उचलू नको."

"आणि ताईंनी माझा हात धरला," वैशाली म्हणाली. "मी चष्मा पुसून बघितलं तर पुढं काहीच नव्हतं, फरूताई. दगडाची कड आणि खाली नुसतं पांढरं. एक पाऊल होतं हो. एकच!"

बायकांनी छातीला हात लावले.

"मग ताई म्हणाल्या, आता सगळ्यांना गाठायच्या भानगडीत नको पडायला, जवळची पायवाट हाय. त्यांनी मला हात धरून खाली आणलं. अख्खी वाट बोलत होत्या. मला आलो म्हणायलाही शिकवलं!"

घराचे मालक म्हणजे एक म्हातारे, म्हशीला गवत टाकत होते. फरिदानं त्यांना विचारलं, "तात्या, ह्या दोघी कवा आल्या?"

"झाला की अर्धा तास," तात्या म्हणाले. माझ्याकडं बोट केलं. "ह्या पावण्यांनी हिला सोप्यात बसीवलं. आमची म्हातारी म्हटली, च्या घ्या. तर न्हाई म्हणाल्या. माझी मागची मानसं यायची हाईत, आलो, म्हणाल्या आन् गेल्या वर."

मी म्हटलं, "तात्या, नीट बघा. मीच का?"

"आता गं बाई," तात्या हसले. "ह्योच हिरवा कोट, तोंडात ह्योच आवाज. इसरलीस व्हय एवढ्यात?"

फरिदानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरले होते. फरिदा रडताना मी तिचे मिस्टर गेले तेव्हा बघितली, त्यानंतर त्या दिवशी. "विजे," ती म्हणाली, "मी रांग पुढं नेली. चूक माझी. तू होतीस म्हणून..."

आणि मी गप्प बसले. हे लिहिताना माझी मान खाली आहे. त्या क्षणी मला कुणाचं भूत, कुणाचा चमत्कार, काही आठवलं नाही. फरिदाचे हात माझ्या गालावर होते, सगळ्यांच्या देखत, आणि वैशाली बाजूला उभी होती. मला ते सोडवेना.

टेंपोत बसल्यावर वैशाली उजवा तळवा फुंकत होती. लालबुंद झालेला. "ताई, तुमच्या हाताचं तिखट लागलं वाटतं मला. आग आग होतेय." कांडपाच्या धंद्यामुळं माझ्या हातात तिखट मुरलेलं असतं, साबणानं जात नाही. नातवाला घेते तेव्हा आधी दह्यानं हात चोळते मी. पण त्या दिवशी अख्ख्या दिवसात मी वैशालीच्या हाताला शिवले नव्हते. आक्काताईचा हात मात्र मी पाऊण तास धरला होता.

तुम्ही म्हणाल, बाईला काहीतरी झालं असेल, तिनंच नेलं असेल आणि आठवत नसेल. मलाही तेच वाटलं. तेच वाटावं अशी माझी फार इच्छा होती. धुकं होतं, पिछाडी कुणाला दिसत नव्हती, आक्काताई सोडली तर पुढच्या अकरा जणींपैकी कुणीही छातीठोक सांगू शकत नव्हतं की विजया मागं होती. पण चार दिवसांनी आक्काताई दुकानात आली. मिरची कांडायला टाकली, गिऱ्हाईक जाईपर्यंत बसली आणि मग म्हणाली, "विजे, तू तर माझ्या मागंच हुतीस गं. माझ्या हाताला अजून वळ हाईत तुझ्या बोटांचं."

"व्हय आक्का," मी म्हटलं.

"मग तिच्यासंगं कोण हुतं?"

मी नुसती मान हलवली.  मग आक्काताईनं मिरचीचं पोतं उचलायला सांगितलं आणि गेली. तिनं हा विषय पुन्हा काढला नाही. शिव्या द्यायचीसुद्धा कमी झालीय.

त्याच आठवड्यात वैशाली एकटी घरी आली. मला वाटलं, आली आता जाब विचारायला. तर म्हणाली, "ताई, तुम्ही वाटेत जे बोललात ना, ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही."

"काय बोललो मी?"

ती हसली. "आता विसरलात असं दाखवताय! तुम्ही म्हणालात, मला तुझा लई राग येतो गं. तू आल्यापासून माझी मैत्रीण माझी राहिली न्हाई. मला दुसरं कोण हाय? रात्री झोप लागत न्हाई मला. असं म्हणालात आणि स्वतःच मोठ्यांदा हसलात. मला म्हणालात, पण तुझी काय चूक हाय त्यात? चल, हात घट्ट धर." मग वैशाली म्हणाली, "मला इतकं खरं कुणी कधी बोललं नव्हतं. मला कळलंच नव्हतं हो ताई, की तुम्हाला त्रास होतोय. सॉरी."

अहो, हे मी नवऱ्याला बोलले नव्हते. देवापुढं बोलले नव्हते. तोंडातून एक शब्द कधी काढला नव्हता.

तेव्हापासून वैशाली रंकाळ्यावर आली की फरिदाच्या शेजारची जागा माझ्यासाठी सोडते. मुद्दाम सोडतेय असं वाटू नये म्हणून बुटाची लेस बांधायला खाली बसते. पोरगी वाईट नाही. खरंच नाही. तिच्यावरचा माझा राग पार गेला, कधी गेला तेही कळलं नाही.

पण मला राहवेना. एकदा रंकाळ्याच्या कट्ट्यावर मी फरिदाला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "फरिदा, ती मी न्हवतो. मी तिला मागं सोडली. तू विचारलंस, मी आले म्हणाली म्हटलं, ते मुद्दाम म्हटलं. मला तिचं वाईट बघायचं होतं. मी आक्काच्या मागंच होतो. विचार आक्काला." बोलताना मला रडू आवरेना.

फरिदानं ऐकून घेतलं. मग तिनं माझ्या पाठीवर एक जोरात थाप मारली आणि हसायला लागली.

"बाकी काय सांगत न्हाई ती, पण एवढं वैशालीनं सांगितलंय मला," ती म्हणाली. "तू तिला त्या वाटेवर बोलली होतीस न्हवं? की मी मागनं असलं कायबाय बोलीन, ती मी न्हवंच म्हणीन, माझ्यावर इश्वास ठेवू नका. बघ, तसंच बोललीस! विजे, अगं किती सोसशील? वाईट यायचं मनात, येतंय माणसाच्या. पण तू तिला सोडली न्हाईस. तू तशी न्हाईसच. बावीस वर्षं बघतोय मी तुला."

यावर काय बोलायचं असतं, कुणाला माहीत असेल तर मला कळवा.

आक्काताईला मी विचारायला सांगितलं होतं, फरिदानं विचारलं नाही. तिला गरजच वाटली नाही. उलट आता ती मला पूर्वीपेक्षा जास्त जपते. वडी पहिली मला देते. गर्दीत माझा हात धरते. कुणी नवीन बाई ग्रुपमध्ये आली की पठाराची गोष्ट तिला सांगते, आणि सांगताना माझ्याकडं अशी बघते की बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. मला हेच पाहिजे होतं. अगदी हेच.

ती कोण होती, कुठून आली आणि चहा सोडून त्या धुक्यात कुठं गेली, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. कुणी काही म्हणो, मला तिची भीती वाटत नाही. ती माझ्यासारखी दिसत होती, माझ्यासारखी बोलत होती, माझ्या हाताचं तिखट तिच्या हाताला होतं. फक्त ती थांबली आणि मी थांबले नाही. फरिदाचा जीव जडलाय तो तिच्यावर. रोज सकाळी फरिदा माझा हात धरून चालते तेव्हा मला त्या बाईचा इतका हेवा वाटतो की वैशालीचा कधी वाटला नव्हता.